माझ्या गप्प बसण्याची बातमी

परवा भोंग्याची जीप पुन्हा आली. आम्ही सध्या नांदूरघाटच्या शिवारात आहोत. तुरीच्या काढलेल्या रानात मेंढरं चरतात आणि बाजूला जवारी अशी उभी आहे की माणूस आत शिरला तर दिसू नये. त्या जवारीमागून आधी गाणं आलं, मग माणसाचा आवाज आला आणि मग धुळीतून जीप निघाली. झेडपीच्या निवडणुकीचं चाललं आहे. मेंढरांनी जरा बघितलं आणि परत चरायला लागली. मी मात्र तशीच उभी राहिले. भोंगा ऐकला की मला थंडीतसुद्धा त्या वैशाखाचं ऊन आठवतं.

तो वैशाख मोठ्या निवडणुकीचा होता, दिल्लीच्या. ऊन असं की दगडावर हात ठेववत नव्हता. लिंबाला नवी पालवी आलेली, बाकी सगळं रान भाजलेल्या भाकरीसारखं. आम्ही मेंढरामागची माणसं. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की शेतकरी आमची मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात. कळप रोज थोडा थोडा पुढं सरकवायचा. लेंडी-मूत रानात पडतं, ते पुढच्या पिकाला लागू पडतं. बदल्यात शेतकरी जवारी देतो आणि आपल्या विहिरीचं पाणी पाजू देतो. ह्याला कागद नाही, साक्षीदार नाही. माझ्या सासऱ्याच्या आधीपासून हे असंच चालत आलं आहे.

नांदूरघाट वेगळं आणि घाटनांदूर वेगळं. त्या घाटनांदूरच्या अलीकडं एका गावात तात्यांचं रान आहे. दर वैशाखात आमचं बिऱ्हाड तिथंच उतरायचं. तात्या म्हणजे त्या गावचे जुने सरपंच. उंच माणूस, पांढरं धोतर, डोक्याला पटका. बोलणं कमी, पण बोलले की गाव थांबायचं. त्यांच्या विहिरीला भर उन्हाळ्यात पाणी असायचं. मोटार सुरू झाली की हौदात पाणी पडायचं आणि सगळा कळप हौदाच्या कडेला माळेसारखा लागायचा.

त्याच वैशाखात मी पहिल्यांदा हेलिकॉप्टर जवळून पाहिलं. तालुक्याला कुणा मोठ्या पुढाऱ्याची सभा होती आणि ते आमच्या डोक्यावरून गेलं. आधी नुसता आवाज, छातीत वाजणारा. दुपारच्या उन्हात मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली माना घालून गोल उभी होती. ती सगळी एकदम फुटली, जशी पोत्याची शिवण उसवून जवारी सांडावी. मग त्याची सावली आली. रानावरून, बांधावरून, विहिरीवरून गेली, कुठंच अडखळली नाही. मी हात जोडून उभी राहिले. आमचे हे हसले. म्हणाले, "देव हाय व्हय त्यो? पुढारी हाय."

मला ठाऊक होतं पुढारी आहे ते. पण एवढ्या उंचावरून कुणीतरी मत मागायला येतं, तेही आपल्याकडं, ज्यांचं घर घोड्याच्या पाठीवर असतं त्यांच्याकडं, ह्याचं नवल मला आजही आवरत नाही.

त्या उन्हाळ्यात एक गोष्ट मात्र वेगळी होती. माणसं आडनाव विचारून चहा पीत होती. ज्या हॉटेलात आमचे हे वर्षानुवर्षं बसायचे तिथं कोण कुठल्या बाकावर बसतो ह्याकडं लोक बघायला लागले होते. सगळ्यांच्या हातात मोबाईल, आणि मोबाईलमध्ये सारखं कुणीतरी कुणाला तरी काहीतरी म्हणालेलं. शेजारी बसलेला माणूस काही म्हणत नसायचा, लांबचा कुणीतरी म्हणालेला असायचा, आणि राग यायचा तो शेजाऱ्याचा. ह्यांना मी एकदा विचारलं की हे असं कावून झालं. ते म्हणाले, ऊन लई हाय औंदा.

अशातच टीव्हीची गाडी आली. एक तरुण मुलगी होती, हातात माईक, उन्हानं गाल लाल झालेले. एक कॅमेरावाला होता. तात्यांनीच त्यांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला. मुलीला गोरगरिबांचं मत पाहिजे होतं. तात्या मोठ्या हौसेनं म्हणाले, चला, आमच्या रानात मेंढरं बसलीत, तिथं विचारा. असे ते सगळे आमच्या बिऱ्हाडाकडं आले.

मी कोकरू पाजत होते. मुलगी माझ्यापुढं उकिडवी बसली. कोकराच्या डोक्यावरून तिनं हात फिरवला. मग माईक माझ्या तोंडापाशी आणला आणि विचारलं, ताई, ह्या वेळी मत कुणाला?

माझी नजर वर गेली. कॅमेरावाल्याच्या मागं तात्या उभे होते, हात पाठीशी बांधून, माणूस आपल्या रानात उभा राहतो तसे. आमच्यात सासऱ्यासमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर आणि ज्याच्या रानात बसलो त्या मालकासमोर बाई तोंड उघडून बोलत नाही. मी कोकरू खाली ठेवलं, पदर पुढं ओढला आणि पाठ केली. विचार करून केलं नाही. डोळ्याजवळ धूळ आली की पापणी मिटते, तसं ते झालं.

मुलगी मऊ आवाजात म्हणाली, "घाबरू नका, ताई."

मी घाबरले नव्हते. पण पुढचं सगळं त्या एका वाक्यावर उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी हे गावातून आले ते मोबाईल पुढं धरूनच. त्यात मी होते. माझं लुगडं, माझ्या हातातलं कोकरू, मागं आमची मेंढरं, त्यांच्या अंगावर पडलेलं ऊन. आपण पाठमोऱ्या कशा दिसतो हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. आरशात काय, तोंडच दिसतं. मी बघतच राहिले. मग मागून धडधड वाजायला लागलं, कुणाच्या तरी घरात चोर शिरल्यासारखं. माझा पदर वर गेला. परत वर गेला. मग एकदम हळूहळू वर गेला, एवढा हळू की मलाच वाटलं, ह्या बाईच्या मनात काहीतरी आहे. मग मुलीचा आवाज, घाबरू नका ताई. आणि मग चित्र थांबलं. जमिनीवर कॅमेरावाल्याच्या सावलीशेजारी आणखी एक सावली पडली होती, तिच्याभोवती कुणीतरी लाल गोल काढला होता. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ही सावली कुणाची?

गावाला सावली ओळखायला वेळ लागला नाही. तसा पटका बांधणारं दुसरं कुणी आता उरलेलं नाही.

तात्या आमच्याकडं आले नाहीत. त्यांनी पुतण्याकरवी निरोप धाडला. पुतण्या बांधावरूनच बोलला. "तात्यानं इचारलंय, आमची दहशत वाटती, तर आमचं पाणी कावून पिता?" एवढंच. त्या दिवसापासून मोटार बंद झाली. पिण्यापुरती घागर शेंदून न्या, मेंढरांचं तुमचं तुम्ही बघा.

तात्यांचंही खोटं नव्हतं. ज्यांना चहा पाजला त्यांनी सावलीला गोल काढला, आणि जिला रान दिलं तिनं पदर ओढला. त्यांच्या जागी मी असते तर मलाही लागलं असतं. पण कोकरांना हे कसं सांगायचं? पुढचं पाणी होतं ते घाटाखाली, तान्ह्या कोकरांना चालवत नेण्यासारखं नव्हतं. तात्यांच्या बाजूचे शेतकरी आम्हाला रानात घेईनात. दुसऱ्या बाजूचे म्हणत, बरं केलं बाई, पण त्यांच्या विहिरींना तळ लागलेला. मेंढरं सवयीनं हौदापाशी जायची आणि कोरड्या सिमिटाला तोंड लावून उभी राहायची. व्यालेल्या मेंढीला पाणी नाही तर दूध नाही, आणि दूध नाही तर कोकरू नाही. एवढं सरळ ते होतं.

त्या संध्याकाळी हे पुन्हा मोबाईल घेऊन आले. म्हणाले, बघ, तुझ्यावर चर्चा लागली आहे. चार चौकटीत चार माणसं बसली होती, चौघांच्या अंगात कोट. एवढ्या उन्हाळ्यात कोट. मधल्या चौकटीत मी, पदर ओढणारी, पुन्हा पुन्हा. पहिला म्हणाला, ह्या महिलेच्या डोळ्यात सगळी दहशत दिसते आहे. माझे डोळे तर पदराआड होते. दुसरा म्हणाला, ही बाई मेंढपाळ नाहीच, हिला पढवून बसवलेली आहे. त्यावर आमचे हे म्हणाले, "मंग मेंढरं बी पढवलेलीच असतील." तिसऱ्यानं सगळ्या देशातल्या बायकांचं सांगितलं, ते मला बरंच पटलं, पण ते माझं नव्हतं. चौथा सारखा म्हणत होता, मला बोलू द्या, मला बोलू द्या, आणि कुणी त्याला बोलू देत नव्हतं. मला त्याची दया आली.

मी थक्क होऊन ऐकत होते. जन्मभर जे बोलले ते बांधाच्या पलीकडं गेलं नाही, आणि एकदा गप्प बसले ते मुंबईला पोचलं. केवढी ताकद असेल त्या यंत्रात! न बोललेलं उचलून एवढ्या लांब नेतं. फक्त नेताना त्यात जे मुळात होतं ते कुठंतरी सांडतं आणि दुसरंच काही भरलं जातं.

माझं माहेर धर्मापुरीकडचं. तिथं जुन्या देवळाच्या भिंतीवर दगडी बाया आहेत. लहानपणी शेळ्या घेऊन आम्ही मुली देवळाच्या सावलीला बसायचो. लांबून माणसं यायची, बोट दाखवून एकमेकांना सांगायची, ही रुसली आहे, हिच्या पायात काटा मोडला आहे, ही कुणाची तरी वाट बघते. एकाचं सांगणं दुसऱ्याशी जुळायचं नाही. बाया शेकडो वर्षं गप्प. मला तेव्हा वाटायचं, ह्यांना मनातल्या मनात हसू येत असेल. त्या संध्याकाळी कळलं की नुसतं हसू येत नाही.

आणि तरी ती मुलगी वाईट नव्हती. तिला घाई होती, अंधार पडायच्या आत आणखी गावं गाठायची होती. ती थोडी बसली असती, तात्या त्यांच्या कामाला गेले असते, तर मी तिच्याशी कोकराबद्दल, पाण्याबद्दल, कदाचित मताबद्दलही बोलले असते. रानातून नुसता चालत गेलेला कळप रान पिकवत नाही. कळप बसावा लागतो. बातमीचंही तसंच असावं, असं मला वाटतं.

आता कुठंही पडद्यावर बाई दिसली आणि तिच्यापुढं माईक असला, की मी ती काय बोलते ते नंतर ऐकते. आधी ती कुणाकडं बघते आहे ते बघते. कॅमेऱ्याच्या मागं कोण उभं आहे ते कधीच दाखवत नाहीत.

ते चौघं शेवटपर्यंत विचारत राहिले, ही बाई मत कुणाला देणार. मत मी दिलं ते पुढं बऱ्याच दिवसांनी, आमच्या गावी जाऊन, शाळेच्या खोलीत. बोटाला शाई लावली. पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले. तीन बाजूंनी पुठ्ठा, चौथ्या बाजूला मी. पदर खाली घसरला, तो मी वर घेतला नाही. घ्यायचं कारणच नव्हतं. तिथं सासरा नाही, नवरा नाही, मालक नाही, कॅमेरा नाही. बटण दाबलं, यंत्र लांब वाजलं. एवढ्या मोठ्या देशात बाईला एकटीनं उभं राहायला हातभर जागा कुणीतरी आठवणीनं करून ठेवली आहे. ज्याला हे सुचलं तो कोण असेल कोण जाणे. मी बाहेर आले तेव्हा माझे पाय हलके झाले होते. कुणाला मत दिलं ते मी इथंही लिहीत नाही.

पण ते नंतरचं. त्याआधी पाण्याचं व्हायचं होतं.

मोटार बंद होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. दुसऱ्या बाजूचे कार्यकर्ते आले, गळ्यात उपरणी, बोलायला फार गोड. माझ्याशी लांबून, अदबीनं बोलले. म्हणाले, ताई, तुमी लई मोठं काम केलंय. आता फक्त एकदा तोंडानं म्हणायचं, की तात्याच्या भ्यानं मी बोलले न्हाई. आमी मोबाईलवर घेतो. मेंढरांसाठी रोज टँकर येईल, पाऊस पडेपर्यंत. उद्या दुपारी येतो म्हणून सांगून ते गेले.

हे बराच वेळ खाली बघत बसले. एक मेंढी त्यांच्या पायाशी आडवी झाली होती, जीभ बाहेर काढून. म्हणाले, "म्हन की. खोटं हाय तर खोटं. मेंढरं तर जगतील."

मी ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. तात्याच्या भ्यानं मी बोलले नाही. ते खोटं होतं. मग उलटं म्हणून पाहिलं. मला तात्याचं भ्या वाटत नाही. तर तेही पुरतं खरं वाटेना. चौकटीतल्या त्या पहिल्या माणसाला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं, आणि तरी अंधारात मारलेला त्याचा दगड कुठंतरी जवळ येऊन पडला होता. ह्याचं मला फार आश्चर्य वाटलं, आणि थोडा रागही आला, की मला जे कधी सुचलं नाही ते त्याला न बघता कसं सापडलं. मान आणि भ्या ह्यांचा बांध कुठं आहे, हे मी कधी चालून पाहिलंच नव्हतं.

सकाळी मी घागर घेऊन विहिरीवर गेले. तिथं सुनंदा पाणी शेंदत होती. सुनंदा म्हणजे तात्यांची सून, माझ्याच वयाची. दर उन्हाळ्यात ह्या विहिरीवर आमचं बोलणं व्हायचं, लेकरांचं, माहेरचं, सगळं. ह्या वेळी ती काय म्हणेल ह्याचा मला अंदाज नव्हता. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातली घागर काढून घेतली आणि आधी तीच भरायला लागली.

"आलीस का टीव्हीवाली?" ती म्हणाली. "आमच्या ह्यांच्या मोबाईलात तूच हायस निस्ती. घरात सवत आणल्यावानी झालंय."

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. मी तिला टँकरचं सांगितलं. तिनं पोहरा खाली सोडला. तेवढ्यात पायवाटेनं वहाणांचा आवाज आला. तात्या होते. विहिरीची पातळी बघायला ते रोज सकाळी यायचे.

आम्हा दोघींचे पदर एकदमच वर गेले. तिचा आणि माझा, एकाच वेळी, जसे दोन हात एका माणसाचे असावेत. तात्यांनी ते बघितलं. आधीही हजार वेळा बघितलं असेल, पण त्या दिवशी ते चालता चालता थांबले.

सुनंदानं भरलेला पोहरा कठड्यावर ठेवला. तोंड विहिरीकडंच ठेवून ती मला म्हणाली, "गयाबाई, त्या टीव्हीवालीला येकदा माझ्याकडं धाड. लगीन होऊन आले तवापासून ह्या घरात मी पदर खाली केला न्हाई. माझी बातमी किती दिस चालंल, बग."

लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथं सून बोलत होती आणि लागायचं होतं ते सासऱ्याला. सुनंदानं पोहऱ्याची कडी घट्ट धरून ठेवली.

मग तात्यांनी असं काही केलं, जे मी कुणा पुरुषाला करताना पाहिलं नव्हतं. ते वळले, आणि आमच्याकडं पाठ करून, लिंबाकडं तोंड करून उभे राहिले.

"गया," ते म्हणाले, "मी पाठ केली हाय. आता बोल. त्या दिशी तुला माझं भ्या वाटलं व्हतं का?"

पाठमोऱ्या माणसाशी बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. मी बोलायला लागले तेव्हा तो आवाज माझाच आहे हे कळायला मला क्षणभर लागलं.

"त्या दिशी न्हाई, तात्या. त्या दिशी मान ठिवला. पर भ्या वाटतं. थोडं, रोजच वाटतं. तुमी वाईट हाव म्हनून न्हाई. रान तुमचं, पाणी तुमचं, म्हनून वाटतं."

सदरा त्यांच्या पाठीला घामानं चिकटला होता. खांदे जरा खाली आले. त्यांनी वळून बघितलं नाही. थोड्या वेळानं, फार हळू आवाजात, त्यांनी विचारलं, "अन् सुनंदा, तुला गं?"

सुनंदा बोलली नाही. पोहऱ्याच्या बुडातून पाण्याचे थेंब विहिरीत पडत होते, त्यांचा आवाज खालून यायचा. तात्या वाट बघत राहिले. तिनं काहीच म्हटलं नाही, आणि कुणी तिला घाबरू नकोस असंही म्हटलं नाही. मग त्यांनी दोनदा मान हलवली, उत्तर मिळाल्यावर हलवतात तशी, आणि मागं न बघता ते मोटारीच्या पेटीकडं गेले.

खटका पडला. पाइप आधी खोकला, मग हौदात पाणी पडायला लागलं. मेंढरांना हाक मारावी लागली नाही.